अम्मा हलली नव्हती

अब्बा,

परवा पहाटे फजरची नमाज झाल्यावर मी स्टुडिओच्या गच्चीवर कॅमेऱ्याचा स्टँड मांडला आणि समोरच्या घराच्या भिंतीचे दोन फोटो काढले. एक तुम्ही जहाजावर सारंग असताना आणलेल्या पितळी लेन्सनं, दुसरा जपानहून आलेल्या नव्या लेन्सनं. कॅमेरा तोच, भिंत तीच, दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या. दुबईत आता पासपोर्टच्या फोटोंची रीघ असते, नवी लेन्स घेणं भागच होतं. पण मला पाहायचं होतं ते वेगळंच.

दुपारी दोन्ही निगेटिव्ह भिंगाखाली धरल्या. नव्या लेन्सच्या फोटोत भिंतीतला दगडन् दगड कडेपर्यंत स्वच्छ दिसत होता. तुमच्या लेन्सच्या फोटोत मधले दगड जवळजवळ तितकेच रेखीव, पण कडेचे मात्र पाण्यात विरघळल्यासारखे. अब्बा, भिंत तर हलत नाही.

तुम्ही गावच्या घरी फोटो काढलात तो दिवस मला अजून दिसतो. घरातल्या बायका पडवीत बसल्या आहेत. वाटेवरून कुणाची नजर पडू नये म्हणून अंगणाच्या बाजूला चादर बांधली आहे. त्यामुळे उजेड कमी, आणि तुम्ही लेन्स पूर्ण उघडली आहे. मधली जागा दादीची, तिच्या दोन्ही बाजूंना तुमच्या बहिणी, आमच्या फुफ्या, आणि सून म्हणून अम्मा अगदी टोकाला. निगेटिव्हची काच धुऊन झाली तेव्हा सगळ्यांचे चेहरे आले होते, फक्त तिचा धुरकट होता. "सांगितलं होतं ना, हलू नको म्हणून?" तुम्ही म्हणालात. चुलीपुढून मान वर न करता ती म्हणाली, "मी श्वासदेखील घेतला नव्हता." धाकटी फुफी हसली, "मग काय भाबी, तुमच्या जागी भूत हललं?" अम्मानं चुलीत फुंकर घातली. पुढच्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. दुसरा फोटो निघालाच नाही, आणि तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, ती हलली.

ती गेली तेव्हा तान्ही असलेल्या मुलीनं, आपल्या धाकटीनं, ईदच्या आधी गावाहून लिहिलं, "भाई, तुमच्याकडे नवं सामान आलंय म्हणतात. अम्माचा चेहरा मोठा करून पाठवा. मी तिला कधी पाहिलेलंच नाही." म्हणून ती जुनी काच मी नव्या लेन्सनं पुन्हा उतरवली. लेन्सनं आपलं काम चोख केलं. धुरकटपणा जसाच्या तसा, अगदी नीट उतरला.

आमचा रीटचिंगवाला पेन्सिलीला टोक काढत म्हणाला, "सेठ, आँख-नाक मैं बना देता हूँ, शाम तक खलास. बोलो तो सुरमा भी लगा दूँ. बस इतना बता दो, आँखें कैसी थीं."

मी म्हटलं, "रहने दो. गेलेल्या माणसाचा चेहरा आपल्या हातानं घडवू नये."

ईद होऊन गेली तरी तो फोटो टेबलावर पडून होता. आज तो आहे तसाच, धुरकट, मुंबईच्या बोटीच्या टपालात टाकला. मागे एवढंच लिहिलं की अम्मा हलली नव्हती. हा कागद मात्र तुमच्या लेन्सच्या डबीतच राहील. रीटचिंगवाल्याला जे सांगितलं ते मी मानतो, अल्लाह जाणतो. पण कारण ते नव्हतं. तिचे डोळे कसे होते, ते मलाही आठवत नाही.