जेवलं की झोप येते

लातूर, मंगळवार संध्याकाळ

निघालो होतो उदगीरला, मधेच उतरून सुमीकडं गेलो. धाकटी बहीण माझी, इथं डॉक्टरकीच्या क्लासला आहे. मेसचा डबा दारात तसाच भरलेला. म्हणाली, "जेवलं की झोप येते, दादा. आमच्या क्लासात दुपारी कुणीच जेवत न्हाई."

समोर पुस्तक उघडं. मी चहा पिऊन आलो, तरी तेच पान. विचारलं तर रडायला लागली. "वाचते, पण डोक्यात राहत न्हाई. कुठून सुरू करू तेच कळत न्हाई. मग रात्री बिस्किटाचे पुडेच्या पुडे खाते आन ओकते."

ह्याला काय म्हणायचं? माझंही बूड शाळेत कधी टिकलं नाही, पण भूक तरी लागायची. उपाशी डोक्यात पान शिरणार कसं? दवाखान्यात चल म्हणलं, तर हात जोडले. "घरी कळलं तर क्लास सोडवतील."

तेवढ्यात आईचा फोन. सुमी माझ्याकडंच बघत होती. सांगावं की नको... "आई, सुमी लई बारीक झाली," एवढंच बोललो.

"मंग? अभ्यास करतीय माझी वाघीण!"

आईचा आवाज मोठा, सुमीनंही ते ऐकलं, आन तिचा चेहरा खुलला. "बरं," म्हणून मी फोन ठेवला.