तिठ्यावरची अंडी

१२ जून, गुरु.
वेटलिफ्टिंगच्या सरावात जर्क परत हुकला. क्लीन होतंय, बार खांद्यावर येतोय, पण वर ढकलताना पायांतला जीवच निघून जातो. सर म्हणाले, "टेक्निक ठीक आहे. पोटात काय आहे ते सांग." पोटात चहा-चपाती. म्हटलं, उसळ खाऊन आलेय. सरांना कळलंच. अंडी, दूध, डाळ, चिकन, असं बोटांवर मोजून दाखवलं आणि "रोज" या शब्दावर असा जोर दिला की बाकीच्या मुली वळून बघायला लागल्या.
कल्याणची निवड चाचणी महिन्यावर आली. निवड झाली तर शिबिर, आणि शिबिरात मेस. सरावातल्या रेश्माची ताई जाऊन आलेली. सकाळी अंडी हवी तेवढी, दुपारी चिकन, कुणी मोजत नाही. मला पदकाच्या आधी ती मेस दिसते. लाज वाटते, पण खरं आहे.

१३ जून, शुक्र.
कोळ्याच्या घरात प्रोटीन नाही म्हटलं तर लोक हसतील. पण पावसाळ्याची मासेमारीबंदी आहे, होड्या बंदरावर पालथ्या. आणि चालू असते तेव्हा तरी काय? चांगली मासळी आईच्या पाटीतून बाजारात, उरलेली आमच्या ताटात. बाबा गेल्यापासून घर त्या पाटीवरच आहे. सध्या सुकट, जवळा, बोंबील. आज जवळा-कांदा आणि सोयाबीनच्या वड्या. वड्यांना आई "रबर" म्हणते, चघळ गो रबर.
रेश्मा डोंबिवलीहून येते, माझ्याच गटातली, अठ्ठेचाळीस किलोची. तिचा पावडरचा भलामोठा डबा आहे. "घे ना यार एक चमचा." म्हटलं, मला पचत नाही. पचते की नाही ते बघायची वेळच कधी आलेली नाही.

१४ जून, शनि.
हे लिहू की नको. लिहिते, वाचणार कोण आहे.
पहाटे नेहमीसारखी पळत निघालेले. बंदराची गल्ली संपते त्या तिठ्यावर पत्रावळ. दहीभात, टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू, दोन अंडी. कुणाचा तरी उतारा. लहानपणापासून माहीत आहे, ओलांडायचं नाही, बघायचं नाही, वळसा घालून जायचं. मी वळसा घातला. पुढे गेले. परत आले.
अंडं ते अंडंच. कवचाच्या आत काय जातंय?
व्यायामशाळेच्या नळावर कुंकू घासून काढलं आणि चहाच्या किटलीत दोन्ही उकडली. मीठ नव्हतं. तरी इतकी चव लागली की डोळे मिटले.

१६ जून, सोम.
जर्क हुकला नाही! सरळ वर, कोपरं लॉक, पाय एका रेषेत. सर म्हणाले, "हां. आता खायला लागलीस." मी नुसती हसले.

१९ जून, गुरु.
खोकला लागलाय. कोरडा, वर्कआउटला नाही, नुसतं बसलं की. रेश्मा मागे वळून म्हणाली, "कोण खोकलं? मला वाटलं कुणी आजोबा आले." ती हसली, मीही हसले. पण तिचं बरोबर आहे. हा खोकला माझा वाटत नाही. आधी घसा खाकरल्यासारखं, मग दोनदा, मग शेवटी "हं". ते "हं" मी म्हणत नाही.

२१ जून, शनि.
बार वाढतोय, मी कमी होतेय. काटा आज पंचेचाळीसच्या खाली. भूक नाही म्हणावं तर तसंही नाही, जेवते, पण जेवण कुठे जातं कळत नाही. सर म्हणाले, "वजन चाललंय कुठे तुझं? गटात सगळ्यात हलकी उभी राहशील."
आई ताटाकडे बघत होती, मग माझ्या गळ्याच्या हाडांकडे. "तुना कुनाची तरी लागलीय गो." म्हटलं, नजर लागण्यासारखं आहे काय माझ्याकडे?
आज तिठ्यावर काही नव्हतं. मी बघितलं, म्हणजे शोधलं. स्वतःचाच राग आला.

२४ जून, मंगळ.
आईचा उपास. दिवसभर शीळफाट्याला गेलेली. म्हणाली, तिकडच्या बायकांना सुकट द्यायची होती. गेली ती भरली पिशवी घेऊन, आली तीही भरलीच घेऊन. विचारलं तर म्हणाली, झोप आता, सकाळी पळायचंय ना.

२५ जून, बुध. अमावस्या
तिठ्यावर पत्रावळ. अंडी गावठी, तपकिरी, लहान. पिवळाधमक बलक. खाल्ली.
पहाटे एक स्वप्न पडलेलं, कपाळावरून काहीतरी गार, गुळगुळीत फिरत होतं. बरं वाटत होतं. उठले तेव्हा आई चुलीपाशी पाठमोरी.

२८ जून, शनि.
पुन्हा गावठी. सरळ खिशात. आता वळसाही घालत नाही. सवय किती लवकर लागते माणसाला!
स्नॅच वाढला. सर खूश. काटा अजून खाली. रेश्माने कपडे बदलताना माझ्या बरगड्यांकडे बघितलं. मग तिने डबा उघडून न विचारता माझ्या बाटलीत दोन चमचे टाकले. मी भांडले नाही. पावडर पचली, आणि तीही कुठे गेली कळलं नाही.

१ जुलै, मंगळ.
अंडी होती. खाल्ली. खोकला वाढलाय. आज प्लॅटफॉर्मवर बार वर असताना "हं" आला, आणि मी खाली टाकायच्या आत बार स्वतःच आणखी थोडा वर गेला. खरंच. कुणीतरी खालून हात लावल्यासारखा. सरांनी टाळ्या वाजवल्या.
मला अजिबात आवडलं नाही.

५ जुलै, शनि.
ठरवलेलं की आज घ्यायची नाहीत. पाय आपोआप थांबले. ही शेवटची.
आई माझे जुने कपडे काढून बघत होती. तिला सांगता येत नाही, मला विचारता येत नाही. दोघी एकाच खोलीत आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

८ जुलै, मंगळ.
आज पहाटे लवकर जाग आली. कपाळावरचं ते गार काहीतरी स्वप्न नव्हतं. डोळे मिटून पडून राहिले. आईचा हात, हातात अंडं, डोक्यापासून पायापर्यंत, ओठांतल्या ओठांत काहीतरी. मग दार.
मी मागे गेले. गल्लीत ती पुढे, मी मागे. तिच्या हातात पत्रावळ, डोक्यावर पदर. तिठ्यावर ठेवलं, वाकून हात जोडले आणि दुसऱ्या गल्लीने निघाली. मागे बघायचं नसतं. उतारा ठेवणाऱ्याने घरी येईपर्यंत वळायचं नाही, नाहीतर काढलेलं परत मागे लागतं. मी हाक मारली असती तर ती वळली असती. म्हणून नाही मारली.
म्हणजे दर वेळी ती ठेवून न वळता घरी जात होती, आणि मागून मी येऊन खात होते. माझ्यावरून उतरवलेलं मीच परत पोटात घालत होते.
घरी अंडी परवडत नाहीत म्हणून मी रस्त्यावरची उचलली. आणि घरची अंडी रस्त्यावर जात होती. तिथेच बसून रडावंसं वाटलं. अंडी तशीच ठेवून आले.

दुपारी
सांगून टाकलं. आई जवळा निवडत होती. मला वाटलेलं मारेल. हात थांबला फक्त.
"सगली खाल्लीस?"
"आजची नाही. बाकी सगळी."
"पयलं कवा?"
"चौदा तारखेला. शनिवारी."
आईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मी तं आमोशापासून ठेवतेय गो. तू वालायला लागलीस म्हनून त्या शीळफाट्याच्या भगताकडं गेले." पुन्हा मोजलं. "मंग त्ये पयलं कुनाचं?"
मला खोकला आला. आधी खाकरणं, मग दोनदा, मग ते. आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू दारात परका माणूस उभा आहे.

९ जुलै, बुध.
आई म्हणते, आता काळजी करू नको. भगताने दुसरं काही सांगितलं का विचारलं, तर म्हणाली, "त्यो काय सांगनार? मना माझं कलतं." तिने दुपारी डाळ घट्ट केली, बोंबील भाजले आणि स्वतः वाढत बसली. रागावली नाही. यानेच जास्त भीती वाटते.

११ जुलै, शुक्र.
खोकला बंद. अगदी एकाएकी, नळ बंद केल्यासारखा. काटा वर सरकलाय. खाल्लेलं अंगाला लागतंय, सोयाबीनची वडीसुद्धा वडीसारखी लागतेय, म्हणजे रबरासारखी. रेश्माने मिठीच मारली. म्हणाली, "यार, तू परत आलीस."

१३ जुलै, रवि. कल्याण
झाली. निवड झाली!!
शेवटचा जर्क माझा मीच उचलला. खालून कुणाचा हात नाही, जड होता, प्रत्येक किलो कळला, पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे मान्य. रेश्मा राखीव. ती रडली, मग माझ्यासाठी हसली. मोठ्या मनाची आहे पोरगी, मी तिच्या जागी असते तर दिवसभर बोलले नसते. सर म्हणाले, "आता मेसमध्ये जाऊन खा पोटभर."
घरी येऊन आईच्या पाया पडले. ती उठली नाही, बसूनच डोक्यावर हात ठेवला. हात किती हलका.

१५ जुलै, मंगळ.
सुक्या मासळीच्या टोपलीखाली कागदात गुंडाळलेली कवचं मिळाली. गावठी, कुंकू लागलेली. बरीच.
आईला विचारलं. "कुत्र्याला घातली." कुत्रा अंडं सोलून खातो का, उकडून खातो का? कवचं नीट सोललेली होती, माणसाने सोलावीत तशी. आज मंगळवार, तिचा उपास, आणि एक कवच अजून ओलं. आयुष्यात तिने मंगळवार मोडलेला नाही.
"आई, तू माझ्यावरून उतरवून स्वतः..."
"तुना शिबिराला जायचंय. कपडे धू."
ती आत गेली. आतून खोकल्याचा आवाज आला. आधी खाकरणं. मी कान दाबून धरले.

१७ जुलै, गुरु.
भांडले. पाया पडले. डॉक्टरकडे नेलं, छाती साफ, रक्त थोडं कमी, म्हणाले प्रोटीन वाढवा. मला हसू आलं. आई त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "अंडी खाते मी."

१९ जुलै, शनि.
आईला पाटी उचलवेना. अर्धी भरलेली, नुसती सुकट. दोनदा वाकली, दोनदा सोडली, मग भिंत धरून उभी राहिली. गल्लीतल्या बायका बघत होत्या. ही पाटी तिने मी पोटात असताना उचललीय.
मी एका हाताने उचलली. मग आईला उचलून आत नेलं, कारण ती चालेना. बार उचलायच्या सवयीने मी पाय रोवले, श्वास धरला, आणि ती इतकी पटकन वर आली की माझा तोल गेला. काहीच नव्हतं हातात. लुगडं आणि बांगड्या.
खाटेवर ठेवली. "शिबिराला जात नाय म्हन, बगू," ती म्हणाली. मी म्हटलं, जात नाही. तर म्हणाली, "थोबाड फोडीन."

२० जुलै, रवि.
उद्या सकाळी सहाची गाडी. बॅग भरलेली आहे, रेश्माने अर्धा डबा पावडर बांधून दिलीय. मी कदाचित जाणारच नाही, आणि मग तिची निवड होईल, हे तिला माहीत नाही.
आज पहाटे मी जागीच होते. आई भिंतीला धरून आली, अंडं फिरवलं, आणि उकडायला नेणार तेवढ्यात मी मनगट धरलं. किती वेळ तशाच. तिच्यात जोर नाही, पण सोडेना. शेवटी अंडं ताटलीत ठेवायला लावलं.
म्हटलं, मला दे. हे माझंच आहे. म्हणाली, मेल्यावर घे.
म्हटलं, मग तिठ्यावर ठेवून येते, मागे न बघता, रीतीप्रमाणे.
आई ताटलीकडे बघत राहिली. "आन तितं दुसरी कंची पोर पलत येत आसंल तं?"
खाडीत टाकावं तर पुढे बंदी उठल्यावर त्याच खाडीची मासळी तिच्या पाटीत.
संध्याकाळ झाली. आई खाटेवर, मी उंबऱ्यात. दोघींपैकी कुणी उठलं की दुसरी उठते. अंडं अजून ताटलीतच आहे.