आठ बिऱ्हाडं, पाच होकार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात, इथल्या स्वयंपाकघरात आडवं व्हायला जागा नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, हे दातांच्या दुखण्याने हैराण होते तेवढं सोडून.

तू विचारलं होतंस, परदेशात समुद्रकाठी घर घेऊन तीन महिने झाले, भाड्याने राहणारे पाहुणे येऊ लागले का? ताई, प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर नाही. तेव्हा चहा ठेव आणि निवांत बस.

घर दाखवताना दलाल म्हणाला होता, "सुट्टीवर येणाऱ्यांना एक-दोन खोल्या द्या, घर स्वतःच स्वतःला पोसेल." ह्यांनी चाळीस वर्षं एक्स-रे काढले, माणसांच्या आरपार बघितलं, पण त्या दलालाच्या हसण्यापलीकडचं काही ह्यांना दिसलं नाही. आणि मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, तरी खरेदीखताची शेवटची दोन पानं न वाचता सही ठोकली (दलालाच्या कचेरीतून समोर समुद्र दिसत होता गं!). किल्ली हातात आल्यावर ती वाचली. आधीच्या मालकाकडे पाहुणे ठेवायचा परवाना होता खरा, पण तो माणसाला दिलेला, घराला नव्हे. मालक बदलला की परवाना संपला. म्हणजे गाय आमच्या दारी आली आणि दूध जुन्या धन्याकडेच राहिलं.

ह्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, भारी कुतूहल वाटायला लागलं. पालिकेतून नियमांचं पुस्तक आणलं आणि पेन्सिल घेऊन बसले. त्रेसष्ट पानं, आणि छपाईच्या चुका फक्त चार! एका पाहुण्यामागे किती जागा, किती उघडणाऱ्या खिडक्या, तक्रारवही दारापासून किती अंतरावर, सगळं लिहिलेलं. 'पाहुणा' या शब्दाची व्याख्याच दीड पान आहे. तीत म्हटलंय की मालकाचे नातेवाईक हे पाहुणे नव्हेत (हे ह्यांच्या आत्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं).

मग तपासनीस बाई आल्या. हातात टेप, चेहऱ्यावरची रेषही हलेना. त्यांनी पलंग मोजले, खिडक्या उघडमीट केल्या, आग विझवायचं नळकांडं हलवून बघितलं. ह्यांनी अर्जात मोठ्या हौसेने 'घरातून समुद्र दिसतो' असं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "दाखवा." ह्यांनी त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून डावीकडे बोट केलं. मी मागून ह्यांचा पट्टा धरून उभी. बाईंनी शांतपणे कागदावर लिहिलं: 'समुद्र दिसतो. दुसऱ्याने धरल्यास.'

एवढ्यावर आम्ही पास झालो. राहिली एकच अट: इमारतीतल्या आठ बिऱ्हाडांपैकी पाच बिऱ्हाडांचा होकार हवा, बैठकीत, चिठ्ठ्या टाकून. आठांत आमचंही एक मत. म्हणजे शेजाऱ्यांकडून चार मिळवायची. ह्यांना इथली भाषा जेमतेम येते, म्हणून दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं. (खरं सांगू? दुसऱ्यांची घरं आतून बघायला मिळणार म्हणून मी एका पायावर तयार होते.)

अडचण होती ती तळमजल्यावरच्या 'कप्तान'ची. नाव कप्तान, पण होता जहाजावरचा आचारी. सगळे म्हणाले, त्याच्याकडे जाऊच नका, तो पाहुण्यांच्या विरुद्ध आहे. मग तर मी गेलेच. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शनिवारी पहाटे इथे बसा, मग बोलू."

गेले. वरच्या मजल्यावर जुन्या परवान्याचं एक घर आहे, तिथले पाहुणे शनिवारी बदलतात. पहाटे पाचला चाकांच्या बॅगा निघाल्या. बेचाळीस पायऱ्या, ताई, आणि प्रत्येक पायरीवर ठक. कप्तान डोळे मिटून म्हणाला, "आवाजाचं काही नाही हो, जन्मभर इंजिनावर झोपलोय मी. पूर्वी त्या घरात एक कुटुंब होतं, आम्ही रोज पत्ते खेळायचो. आता चार वर्षं झाली, मी दर आठवड्याला जिन्यात नव्या माणसाला नमस्कार करतो आणि तो मला विचारतो, बसथांबा कुठे आहे."

मी विचारलं, कुठला पत्त्यांचा डाव? त्याने शिकवला. मग रोजच जायला लागले. मताचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

बैठकीच्या दिवशीच ह्यांची दाढ काढायची होती, म्हणून घराची चिठ्ठी टाकायला मी एकटी गेले. निकाल लागला: चार होकार, चार नकार. परवाना नामंजूर. नियमाप्रमाणे आता वर्षभर अर्ज करता येत नाही. हे गालाला बर्फ लावून ऐकत होते, तोंड उघडता येत नव्हतं म्हणून बरं. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की हे कप्तानचंच काम, आणि जिन्यात तो दिसला की हे मान वळवतात. असो. दैवात नव्हतं म्हणायचं आणि गप्प बसायचं. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. – दैवाचं तसं काही नव्हतं. चौथी नकाराची चिठ्ठी माझी. पेन हातात घेतला तेव्हा 'हो'च लिहायचं होतं, आईशप्पथ. पण ते पत्ते डोळ्यांपुढे आले.

आणखी ता. क. – काल मी पत्ते वाटत होते तेव्हा कप्तान खाली मान घालून म्हणाला, "तुमचं काम झालं नाही, वाईट वाटलं. मी 'हो' लिहिलं होतं. म्हटलं, तुमचे पाहुणे असतील तर बरेच असतील." मी तीन पानं उलटी टाकली.

शेवटचं ता. क. – ह्यांचा राग त्या बिचाऱ्यावर निघतोय, ते बघवत नाही, आणि माझ्याने तर सांगवत नाही. तुझा शब्द हे खाली पडू देत नाहीत. तेव्हा फोन कर आणि तूच सांगून टाक. दुपारी चारनंतर कर. त्या वेळी मी खाली पत्ते खेळत असते.