नावाड्याचं वल्हं

रविवार, १२ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुम्ही तिघं बरे असाल. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं जमतं. छोटीचा पुढचा दात पडला, असं वाढदिवसाच्या फोनवर म्हणाली होतीस. सहा वर्षांची झाली, म्हणजे आता तिला आपली ती सात पुस्तकं वाचून दाखवता येतील. त्यांची नवी आवृत्ती आमच्याकडेच निघते आहे. पुस्तकांच्या शेवटी त्यातल्या घंटेच्या देशाचा कालपट, म्हणजे कधी काय घडलं त्याचा तक्ता, द्यायचा आहे, आणि वीस वर्षं इथे मुद्रितं तपासते म्हणून ते काम माझ्या टेबलावर आलं.

तुला आठवत असेल, त्या देशात घंटेला तडा गेला की वर्षं पुन्हा एकपासून मोजतात. त्यामुळे कशाच्या आधी काय घडलं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. आणि सगळं घोडं अडतं ते नावाड्यापाशी. चौथ्या पुस्तकात तो पुरात वाहून जातो, सहाव्यात मजेत नाव हाकतो. आमचे संपादक परवा म्हणाले, "बाई, मेलेला माणूस मुलांना पैलतीरी सोडतोय. सोमवारपर्यंत एक तर त्याला नीट मारा, नाहीतर जिवंत करा."

तू नऊ वर्षांची होतीस, मी बारा. चौथं संपल्यावर तू दोन दिवस धड जेवली नाहीस. मग सहावं हाती आलं आणि "वाचला, वाचला" करत घरभर नाचलीस. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून तुला सिद्ध करून दाखवलं, की सहाव्यातली गोष्ट आधीची आहे, म्हणजे तो मेलाच. आई कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "अगं, राहू दे ना तिच्यापुरता जिवंत. तुझं काय जातंय?"

परवा सहावं पुन्हा काढलं. नावाड्याच्या वल्ह्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. ते वल्हं मोडतं चौथ्यातल्या पुरात. म्हणजे सहावं नंतरचंच. तुझं बरोबर होतं.

आणि ही पट्टी मला परवा दिसली असं नाही. बाराव्या वर्षीच दिसली होती. पण तोवर माझा कालपट शाईने काढून झाला होता. ते पान मी तुझ्यासमोर भरकन उलटलं.

बघ, कुठून सुरुवात करते आहे मी. सांगायचं वेगळंच आहे, आणि अजूनही हवापाण्याबद्दल लिहावंसं वाटतंय.

आई गेली तेव्हा तू विचारलं होतंस, "ताई, किती दिवस आजारी होती?" मी म्हणाले, "दोन." एकोणीस होते.

तुला सातवा महिना होता, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केली होती. हे कारण मी सहा वर्षं घोकते आहे. ते खरं आहे, पण अर्धं. फोन करता आला असता. तिचा आवाज तुला ऐकवता आला असता. उरलेलं अर्धं असं, की तू जन्मल्यापासून पहिल्यांदाच आई माझ्या एकटीची झाली होती. मला ती वाटून घ्यायची नव्हती.

दुपारचं औषध घेतलं की ती विचारायची, "धाकटी कुठपर्यंत आली?"

मी सांगायचे, "नावेत बसली."

एकदा हसली. "नाव हाकतोय कोण? तो मेलेला?"

"तोच."

"मग वेळ लागेल गं."

सतराव्या दिवशी तिने विचारलं नाही. मी तिला सहावं वाचून दाखवत होते. वल्ह्याचं पान आलं तशी म्हणाली, "थांब. हे परत वाच." मी वाचलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "धाकटीला सांग, तिचं बरोबर होतं. विसरू नकोस."

विसरले नाही. सांगितलंही नाही. ते सांगायचं तर ते एकोणीस दिवसही सांगावे लागले असते.

उद्या कालपट छापायला जाईल. त्यात सहावं चौथ्यानंतर आहे, आणि खाली एक ओळ: नावाडी पुरातून वाचला. छोटीसाठी आपली जुनी सात पुस्तकं या पत्राबरोबर पाठवते आहे, त्या गठ्ठ्यात एक वहीही ठेवली आहे. त्या एकोणीस दिवसांची. काय खाल्लं, ताप किती होता, तुझी चौकशी किती वाजता केली, सगळं लिहिलं आहे. तपासून घे. यातलं एकही पान मी उलटून टाकलेलं नाही.

फोन उचलला नाहीस तरी चालेल. छोटी चौथं ऐकून रडली, तर रडू दे. फक्त लगेच सहावं काढ, आणि वल्ह्याचं पान तिला सावकाश वाचून दाखव.

तुझी,
एकोणीस दिवस आईजवळ एकटीच बसलेली
ताई