पुढच्या खोलीतल्या कुबड्यांची व्यवस्था

येत्या गुरुवारी माझ्या खुब्याचे ऑपरेशन नक्की झाले आहे. विभागीय सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तसे सांगितले आणि मागितला म्हणून शुद्धीचा दाखलाही दिला. म्हणाल्या, "मास्तर, डोकं शाबूत आहे. खुबा तेवढा बदलू."

सबब, त्याच रुग्णालयात एकतीस वर्षे प्लास्टर घालण्यात आणि कापण्यात घालवलेला मी, वय बहात्तर, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र करतो. मरायची घाई नाही. काम अर्धवट ठेवायची सवयही नाही.

१. राहते घर, पुढची खोली वगळून, आणि बँकेतली शिल्लक मुलाला.

२. माझी प्लास्टर कापायची करवत रुग्णालयाच्या प्लास्टर खोलीला. तिने आजवर एकालाच ओरखडा काढला. तो आमचाच कंपाउंडर होता आणि गप्प बसत नव्हता.

३. पुढच्या खोलीत बेचाळीस जोड कुबड्या, अकरा वॉकर आणि चाकांच्या सहा खुर्च्या आहेत. बऱ्या झालेल्या रुग्णांनी टाकून दिलेल्या या वस्तू मी परवानगीने घरी आणून दुरुस्त केल्या. गरजूला त्या फुकट मिळतात. अट एकच: बरे झाल्यावर स्वतः चालत येऊन परत द्यायच्या. दुसऱ्याच्या हाती पाठवलेल्या घेतल्या जात नाहीत. माणूस चालताना मला बघायचा असतो.

४. याखेरीज कुबड्यांचा एक जोड धाकट्या भावाकडे सहा वर्षे अडकला आहे. पाय कधीच बरा झाला, पण आमचे बोलणे बंद. तो मुलीकरवी पाठवतो, मी तिच्याचकरवी परत पाठवतो. पोरगी कंटाळली. हा जोड मी त्याला देत नाही. माझ्या पश्चातही त्याने चालतच यावे. त्याला आधी चहा द्यावा, कोण चुकले ते नंतर काढावे.

५. मुलगा म्हणतो, "बाबा, रुग्णालयासमोरची सोन्यासारखी जागा, आणि तुम्ही भंगार भरलंय! औषधाच्या दुकानाला भाड्याने देऊ." त्याचेही खरे आहे, त्या पसाऱ्यात तो दोनदा पडला. दोन्ही वेळा कुबड्या तिथूनच नेल्या, हे तो सांगत नाही.

म्हणून खोली व त्यातले सर्व सामान एकट्या सूनबाईंच्या नावे करतो. त्यांना आधी विचारले. म्हणाल्या, "चालवीन, बाबा. पण वेळ नऊ ते बारा, आणि तुम्ही मध्ये मध्ये करायचं नाही." मृत्यूनंतर करणार नाही, असे येथे लिहून देतो. आधीची हमी देता येत नाही.

६. हे मी आज जेवताना मुलाला वाचून दाखवणार आहे. तो दोन दिवस फुगून बसेल, पण गुरुवारी मला रुग्णालयात तोच नेईल. त्या सकाळी दोघेजण वॉकर न्यायला यायचे आहेत. खोली बंद ठेवा, असे सूनबाईंना सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, "ऑपरेशन तुमचं, खोलीला कशाला सुट्टी?" तेव्हा खोली नऊला उघडेल.

स्थळ: पुढची खोली
दिनांक: तीन, मंगळवार

सही: प्लास्टरमास्तर

आमच्यासमक्ष सही झाली:
१. केसपेपरच्या खिडकीवरच्या बाई, निवृत्त
२. कुबड्यांच्या गाद्या शिवणारा शिंपी