दूध, छावणी आणि बप्पांचं पोट

सोमवार, ६ मे

दुधात काही नव्हतं. युरिया नाही, सोडा नाही. प्रयोगशाळेतल्या केमिस्टनं दुपारी फोनवर सांगितलं, कागद नंतर. शनिवारी दुष्काळी चारा छावणीत दूध पिऊन पोटं धरून बसलेली पोरं कालच दवाखान्यातून परतली. कळा, हगवण, गुबारा. आता ठणठणीत.

पेपरच्या डेस्कवरून विचारणा: मथळ्यात ‘विषबाधा’ ठेवायची का? नको म्हटलं.
‘मग बातमी काय राहिली?’
‘पोरं बरी आहेत, ही.’
आतल्या पानावर चार ओळी.

संध्याकाळी सुमनचा फोन. एरवी चुलत बहीण म्हणून चेष्टा करते, आज दूध संस्थेची सचिव म्हणून बोलली. ‘दादा, आज बायांनी दूधच घातलं न्हाई. कॅन रिकामे. असंच ऱ्हायलं तर संस्था बंद. रविवारी सभा हाय, बप्पा मला काढायचं म्हनत्यात.’ बप्पा गावचे पुढारी. छावणीही त्यांचीच.

मंगळवार, ७ मे

छावणीवर गेलो, तेलगावच्या अलीकडे. चाऱ्याला ऊस, तोही वाळका. जनावरांबरोबर माणसंही इथंच मुक्कामाला, सुटी म्हणून पोरंही.

झालं ते असं. दूध न्यायची गाडी शनिवारी पहाटे आलीच नाही. एवढं दूध नासणार. एरवी उरलं की बाया विरजण लावतात, ताक करून वाटतात. यंदा टँकरचं पाणी जनावरांनाच पुरेना, ताकाला कुठून आणायचं? सुमननं दूध तापवलं आणि सकाळी उपाशीपोटी पोरांना मोठाले पेले भरून पाजलं. वाया जाण्यापेक्षा अंगी लागेल.

‘मी काय वाईट केलं, दादा?’
म्हटलं, डॉक्टरांना विचारून येतो.

एक लक्षात ठेवायचं. अगदी लहानग्यांना काही झालं नाही. आणि बिरूनानांच्या मोठ्या नातींनाही नाही; त्यांनी तर मागून घेतलं. बिरूनाना मेंढपाळ. मेंढ्या थोरल्या पोराबरोबर लांब पाठवल्या, स्वतः गायी घेऊन छावणीत. आता कुजबुज सुरू: त्यांच्याच पोरींना कावून न्हाई झालं? त्यांनीच तर काही...

म्हणजे आता एक नाही, दोघं अडकले.

बुधवार, ८ मे

पोरांना तपासलेल्या डॉक्टरांकडे. दमलेले. डबा खाता खाता बोलले. आईचं दूध सुटलं की दूध पचवायची आतड्यातली सोय शरीर हळूहळू बंद करतं. वासरू, करडू, मांजर, माणूस, सगळ्यांचं तेच. पण ज्यांच्या पिढ्या जनावरांमागं दुधावर निघाल्या, त्यांच्यात एखाद्याची सोय जन्मभर चालू राहिली की त्याचा निभाव जास्त लागे, त्याची पोरं जगत. हजारो वर्षांत ते पसरत गेलं. बाकीच्यांनी दूध विरजलं. पचवायचं निम्मं काम विरजणाच्या मडक्यानंच केलं.

‘सरसकट नाही हं. एकाच घरात फरक असतो.’
‘ताक पाजलं असतं तर?’
‘बहुतेक काही झालं नसतं.’ पुढं पेशंट आला.

पाणी असतं तर. एवढंच.

गुरुवार, ९ मे

हेच सांगायला छावणीत गेलो. इतकी वर्षं अवघड ते सोपं करून लिहितो, वाटलं जमेल. टाकीच्या सावलीत बाया नीट ऐकत होत्या. बप्पा मधेच,
‘म्हंजी मेंढक्याच्या रक्तात हाय ते आमच्यात न्हाई? आमी कमी हावोत का?’
‘कमी नाही, बप्पा. मूळचे तुम्हीच. वेगळे ते झाले.’
‘कशानं?’
‘दूध पिऊन.’
‘मग आमी काय पानी पेत व्हतो?’
मागून कुणीतरी, ‘बप्पा तर च्या बी काळाच पेतात की!’
हशा. तिथंच बिघडलं.

बिरूनाना हळूच म्हणाले, ‘बप्पा, रानात भाकर नसली की आमी दुधावर दिस काढले. तुमी कशाला काढताव? तुमच्या घरी भाकर व्हती.’ टोमणा नव्हता, पण बप्पांना लागला.

‘सभेत समद्यासमोर तांब्याभर दूध पेतो. बघूच कुनाचं रक्त कसलं हाय.’

लई शहाणपणा झाला माझा.

शुक्रवार, १० मे

केमिस्टचा कागद आला. सुमननं संस्थेच्या दाराला चिकटवला. बाया वाचून गेल्या, दूध कुणी घातलं नाही.

बप्पांच्या मालकीण भेटल्या. ‘लग्न झाल्यापसून यायनी दुधाचा घोट घेतलेला म्या पायला न्हाई. बासुंदीच्या पंगतीला जातेत अन् वरनावर उठतेत.’

सुमनला म्हटलं, अडव त्यांना. पोट बिघडलं तर गाव म्हणेल दूधच वाईट.
‘अन् अडवलं तर म्हनतील, दुधात हाय काहीतरी, म्हनून भेली.’
खरं आहे. दोन्हीकडून अडकते तीच.

बिरूनाना गायी घेऊन छावणीतून निघायचं म्हणत होते. गेलो की संशय पक्का, म्हणून थांबलेत. नाती आता बाकीच्या पोरांत खेळत नाहीत.

शनिवार, ११ मे

सुमननं ठरवलंय. दूध तिच्या स्वतःच्या गायीचं, एकाच कॅनमधून दोन तांबे. एक बप्पांना, एक बिरूनानांना. पोरांसाठी ताक. घरच्या वाटणीचं पाणी राखून ठेवलंय, विरजण लावून झालं. आया म्हणाल्या, आधी सचिवबाईनं प्यायचं, मग आमची पोरं. ‘पेते की,’ म्हणाली.

डॉक्टरांचा निरोप: प्यायचंच असेल तर भाकरी खाऊन प्या. बप्पांना पोचवला. उलट निरोप आला, उपाशीच येणार. पोरं उपाशीच व्हती ना?

माणूस वाईट नाही.

त्यांचं पोट दुखलं आणि बिरूनानांचं नाही, तर गावाला डॉक्टरांचं पटेल, की बिरूनानांवरचा संशय वाढेल? सांगता येत नाही. बप्पांना पचलं, तर दूध चांगलं ठरेल आणि मी खोटा. चालेल मला.

डेस्क विचारतं, सभेची बातमी किती वाजेपर्यंत? म्हटलं, घाई करू नका, दूध पोटात गेल्यावर थोडा वेळ लागतो.

उद्या सकाळी सभा. सुमनला काढायचा ठराव सगळ्यात शेवटी आहे. दूध आधी.