तुझा जुना फोन माझ्याकडे आहे

प्रिय सूनबाई,

चष्म्याच्या डबीत चष्म्याऐवजी कागद निघाला म्हणून दचकू नकोस. चष्मा माझ्या नाकावर आहे आणि त्याच्या दोन्ही दांड्या ठणठणीत आहेत. समोरच्या नर्सताई तुमच्या चष्म्याच्या दुकानावरूनच कामाला जातात, म्हणून दांडी सैल झाल्याची थाप मारून डबी त्यांच्या हाती दिली. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. हे पत्र दुकानातच वाच, आणि काउंटरवर नाही, मागे काचा घासायच्या खोलीत जाऊन वाच. घरी नेऊ नकोस, पर्समध्ये तर मुळीच ठेवू नकोस. वाचून झालं की तिथल्या पाण्याच्या टबात बुडव. बॉलपेन सोडून शाईचं पेन मुद्दाम शोधून काढलं ते त्यासाठीच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा म्हातारीनं फोन का नाही केला, असं तुला वाटणार नाही हे मला माहीत आहे. तुझं-माझं फोनवरचं बोलणं किती जण ऐकतात ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

अक्षर मध्येच थरथरलेलं दिसेल. वय झालं असं समजू नकोस, कपडे धुवायच्या मशिनच्या झाकणावर कागद ठेवून लिहिते आहे आणि मशिन आता पिळायला लागलं आहे. हॉलमध्ये टेबल आहे, खुर्ची आहे, उजेडही चांगला आहे, पण कपाटावर तो कॅमेरा आहे. मी पडले तर कळावं म्हणून आमच्या चिरंजीवांनी बसवला. मी अजून एकदाही पडले नाही, पण दुपारी जरा डोळा लागला की कपाटावरून आवाज येतो, आई, गोळी घेतलीस का. परवा मी आरशासमोर उभी राहून उगीच केस वेगळे बांधून बघत होते, तर कपाट म्हणालं, कुठे बाहेर जायचंय का. माझ्याच घरात मला केस सोडायची चोरी झाली आहे. मोरीच्या या कोपऱ्यात तेवढं त्याला दिसत नाही, म्हणून हल्ली माझे कपडे फार मळतात.

तर सांगायचं हे की मी फोन शिकले. हसू नकोस. चिरंजीवांनी मला फोन देताना त्यावर फक्त चार चित्रं ठेवली होती: त्याला फोन लावायचं, गोळ्यांची आठवण, घड्याळ आणि हवामान. बाकी सगळं लपवून टाकलं आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, आईला फोनमधलं काय कळतंय, तिचा गोंधळ नको. नर्सताई मात्र मुलखाच्या उद्योगी. त्यांनी एका दुपारी पडदा वर सरकवून दाखवला आणि खाली अख्खा बाजार निघाला. आता लिहिताना मधलं अक्षर चुकलं तर मी सगळं पुसत बसत नाही. शब्दांमध्ये जागा सोडायच्या पट्टीवर बोट दाबून सरकवलं की ती उभी रेघ हवी तिथे जाते. लांबलचक पानावर एकच शब्द शोधायचा असेल तर वरच्या तीन टिंबांत ‘पानावर शोधा’ असतं. चुकून बंद झालेलं पान परत आणता येतं. अक्षरं मोठी करता येतात, आणि तीही वाचता न आली तर फोन स्वतः वाचून दाखवतो, जरा रागावल्यासारखा, पण वाचतो. हे सगळं तुला ठाऊक असणार. मला मेलीला एवढाच आनंद की कुणीतरी मला काही शिकवलं आणि मला ते आलं.

आणि तो फोन तुझा आहे, विसरली असशील. तुला नवा घेतला तेव्हा जुना माझ्या हाती आला. तुम्हाला कुठेतरी लग्नाला जायचं होतं आणि त्यानं उभ्या उभ्या माझं नाव त्यात घातलं. कंपनीतल्या सगळ्यांचे संगणक सांभाळणारा माणूस, दुसऱ्याच्या दाराची कडी चारदा ओढून बघेल, पण आईच्या फोनचं काम म्हणजे काय, कसंही चालतं. मी बोट लावलं की फोन उघडतो. पण आतलं एखादं खातं काढायला किंवा मांडणी बदलायला गेले की अंक मागतो आणि ते अंक त्याच्याकडे आहेत. विचारले तर म्हणाला, तुला कशाला हवेत, मी आहे ना. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला आता शब्दांशिवायही कळतो.

तुझ्या सासऱ्यांबद्दल मी तुला कधी फारसं बोलले नाही. भिंतीवरच्या फोटोत ते हसतात, ते फक्त फोटोत. घरी पहिला टेलिफोन आला तेव्हा आकड्यांच्या चकतीत त्यांनी एक बारीकसं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून कामाला जायला लागले. फोन आलेला घ्यायचा, आपण करायचा नाही. बिल वाढतं म्हणत, पण बिलाचा प्रश्न नव्हता, मी माहेरी काय बोलते हा होता. मग मला शेजारणीनं युक्ती शिकवली. चकती फिरवायची नाही. रिसीव्हर ठेवतो त्या जागेची खुंटी बोटानं टकटक दाबायची, जेवढा आकडा तेवढ्या वेळा, मग जरा थांबून पुढचा आकडा. तसा मी ताईला फोन लावला. लागला. ताई पलीकडून हॅलो हॅलो म्हणत होती आणि माझ्या मनात एकच वाक्य होतं, मला घेऊन जा. मी तिला विचारलं, तिकडे हवा कशी आहे. पुढची सगळी वर्षं मी खुंटी टकटकवत राहिले आणि हवाच विचारत राहिले. खाण तशी माती म्हणतात ना, ते खरं असेल तर माझा मुलगा वडिलांवर गेला आहे. फक्त आता किल्ली खिशात ठेवावी लागत नाही.

गेल्या रविवारी तुम्ही दोघं नेहमीसारखे माझ्याकडे जेवायला आलात, तेव्हा त्यानं ताटाशेजारी फोन ठेवून नकाशा उघडला आणि तू दुकानातून निघाल्यावर कोणत्या वळणावर किती वेळ थांबलीस ते तुला एकेक करून विचारलं. आवाज चढवला नाही, उलट हसत होता. तू म्हणालीस, चप्पल तुटली होती. मग पाणी आणायला म्हणून उठलीस आणि स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी राहिलीस. मी त्याला वाढत होते. वाढता वाढता मला त्याची भीती वाटली. पोटच्या पोराची भीती वाटते हे लिहायला हात धजत नव्हता, पण आता लिहिलं आहे तर राहू दे.

म्हणून आता पुढच्या युक्त्या नीट वाच. त्या नकाशाला माणूस दिसत नाही, फोन दिसतो. फोननं ठिकाण कळवणंच बंद केलंस तर त्याला लगेच कळेल, म्हणून बंद करू नकोस. फोन दुकानाच्या खणात राहू दे आणि तू मागच्या दारानं जाऊन ये. तुझे निरोप तो वाचतो असं तुला वाटत असेल तर निरोपांच्या ॲपमध्ये ‘जोडलेली उपकरणं’ असं काहीतरी असतं, तिथे परका संगणक दिसतो का बघ. पण बघ फक्त, काढू नकोस, इतक्यात नको. खासगी पान म्हणून एक प्रकार असतो, त्यात शोधलेलं फोन लक्षात ठेवत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. फोन विसरला तरी घरचं वायफाय ज्याच्या ताब्यात आहे त्याला तू कुठे कुठे गेलीस ते कळू शकतं, आणि आपल्याकडे ते कुणाच्या ताब्यात आहे ते सांगायला नको. शोधायचं ते दुकानातल्या संगणकावर शोध, तुझ्या नावाचं जुनं खातं न वापरता, नवं उघडून.

हे सगळं मी तुला का सांगते आहे? ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय माझं नाही, सांगून टाकते. मला माहीत आहे. तुझ्या जुन्या फोनमधून तुझं खातं कधी निघालंच नाही. मी काही शोधायला वरच्या चौकोनात बोट ठेवलं की खाली तू आदल्या दिवशी काय शोधलंस ते आपोआप यायचं. आधी मला वाटलं फोनला वेड लागलं. पांढऱ्या कपड्यावरचा गंजाचा डाग. चष्म्याचा नंबर तपासायच्या परीक्षेचा अभ्यास. मी ते डागाचं करूनही पाहिलं, डाग गेला. मग एक दिवस आलं, एकट्या बाईला भाड्याने खोली. मग, चष्म्याच्या दुकानात नोकरी, दुसरं शहर. मग, नवऱ्याला न कळता. त्याच्यापुढे काहीच नव्हतं, तू वाक्य अर्धंच सोडलं होतंस. मी फोन उशीखाली ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली. मला वाईट वाटलं नाही. मला, खरं सांगू, तुझा हेवा वाटला.

आता घाई आहे. या रविवारी तो माझा फोन घेऊन बसणार आहे. फार हळू चालतो म्हणे, सगळा साफ करून देतो. त्यानं आत पाहिलं की तुझं खातं त्याला दिसेल, आणि नव्यानं काही शोधलेलं असलं तर तेही. ते मला काढता येत नाही, अंक नाहीत. तुला येतं. तुझ्या खात्यात जा, सुरक्षिततेच्या भागात तुझी उपकरणं दिसतात, त्यात तुझा जुना फोन असेल, त्याच्यापुढे ‘साइन आउट’ दाब. पासवर्ड मात्र बदलू नकोस, तो त्याला माहीत असेल तर बदललेलाही कळेल. तू हे केलंस की मागे उरलेलं मी पुसून टाकेन. झालं की नर्सताईंबरोबर माझी डबी परत पाठव, आत चष्मा पुसायचं कापड ठेवून. कापड दिसलं की मी समजेन.

आणि आता ते, ज्यासाठी मशिनपाशी उभी राहून पाय दुखेपर्यंत लिहिलं. चौकोनाखाली येणारं सगळं मी रोज दुपारी पुसत होते. रविवारी तो फोन हातात घेतो, त्याच्या नजरेला पडू नये म्हणून. मला वाटायचं मी माझ्यापुरतं पुसते आहे. काल नर्सताई सहज म्हणाल्या की त्यांनी फोनमधलं पुसलं आणि घरच्या संगणकावरचंही गेलं, खातं एकच असलं की तसं होतं. मी कप खाली ठेवला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तू शोधत होतीस आणि तुझ्याच फोनमधून ते नाहीसं होत होतं. म्हणून तू शोधणं थांबवलंस ना? म्हणून हल्ली चौकोन रिकामा येतो, आणि म्हणून त्या रविवारी तो हसला तशी तू नळापाशी जाऊन उभी राहिलीस. तुला वाटलं, त्याला सगळं कळलं आहे आणि तो नुसता वाट बघतो आहे. बाळ, ते बोट त्याचं नव्हतं, माझं होतं. त्याला काहीही माहीत नाही. तू जाशील तेव्हा तो आधी माझ्याकडेच येईल. येऊ दे. दार मी उघडेन आणि मला काही ठाऊक नाही म्हणून सांगेन. त्याला ते पटेल. आईला फोनमधलं काय कळतंय, असं तोच सगळ्यांना सांगत आला आहे. ते अर्धं सोडलेलं वाक्य पुरं कर.

तुझीच,
आई